एअरलाइनचं कार्ड ‘कुणीच घेऊ नये’? असहमत

खिडकीकडची_जागा:
‘एअरलाइनचं क्रेडिट कार्ड कुणीच घेऊ नये, हव्या त्या एअरलाइनच्या माइल्स-कार्यक्रमात वळवता येणारे बँकेचे पॉइंट्सच घ्यावेत’ असं सरसकट विधान करणारा लेख काल आला आणि खाली नुसती अनुमोदनं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

लेखात एका पॉइंटची किंमत काढताना महागडं बिझनेस क्लासचं तिकीट धरलंय. जे तिकीट रोखीने कधीच काढलं नसतं त्याच्या छापील भाड्यावर पॉइंट तोलायचा, ही पद्धतच चूक. रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर (माइल्स, म्हणजे एअरलाइनचे पॉइंट, देऊन काढलेल्या) भरावे लागणारे कर वजा करा आणि उरेल त्याला माइल्सनी भागा. चलन कोणतंही घ्या. भाडं ६००, कर १५०, माइल्स ३०,०००, म्हणजे एका माइलला ०.०१५. शिवाय रोख तिकिटावर मिळाले असते ते माइल्स अवॉर्ड तिकिटावर बहुधा मिळत नाहीत. ते ३,००० असतील तर भाजक ३३,००० होतो आणि उत्तर ०.०१३६ वर उतरतं.

आता एअरलाइन कार्डाची बाजू. पहिली चेक-इन बॅग फुकट, बऱ्याच कार्डांवर त्याच पीएनआरवरच्या सोबत्यांनाही. चौघांचं कुटुंब असेल तर जाऊन-येऊन आठ बॅगा. बॅगेला वेगळे पैसे लागणाऱ्या भाड्यात एका प्रवासात वार्षिक फी वसूल होऊ शकते, तीही एकसुद्धा अवॉर्ड सीट न शोधता. लेखात यावर एक ओळ नाही.

हिशेबनीस:
बॅगेचं अर्धंच सांगितलंत. काही कार्डांवर तिकीट त्याच कार्डाने काढलं तरच बॅग फुकट. कोडशेअर तिकिटावर (एका कंपनीच्या नंबरवर विकलेल्या) विमान भागीदार कंपनीचं असेल तर काउंटरवर पैसे मागतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच भाड्यांत बॅग आधीच धरलेली असते, तिथे फायदा शून्य. ज्याला स्टेटसवर (सतत उडून मिळालेल्या वरच्या दर्जावर) बॅग मिळतेच त्यालाही शून्य.

मुख्य दुखणं माइल्स एका जागी अडकण्याचं आहे. अमेरिकेतल्या डेल्टाने २०१५ मध्ये अवॉर्डचे तक्ते (कुठल्या प्रवासाला किती माइल्स ते सांगणारे) काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये. तक्ता नाही म्हणजे आज जी सीट २५,००० माइल्सना आहे ती पुढच्या आठवड्यात ४०,००० झाली तर दाद मागायची कुठे? शिल्लक त्यांच्या खात्यात आणि दरही त्यांच्याच हातात. बँकेतले पॉइंट निदान दुसरीकडे वळवता येतात.

रात्रीचं_उड्डाण:
हिशेबनीस यांना अनुमोदन. आणि कंपनीच बसली तर? जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. माइल्सचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून शिल्लक टिकली, पुढे त्याचं इंटरमाइल्स झालं. पण लोकांनी ज्या विमानांसाठी साठवलं ती विमानंच उरली नाहीत.

खिडकीकडची_जागा:
बँका काय कायम दर राखतात? ट्रान्सफरचं (बँकेचे पॉइंट माइल्समध्ये बदलण्याचं) प्रमाण १:१ वरून २:१ केलं की एका रात्रीत शिल्लक अर्धी. घरभाडं, सरकारी भरणा, वॉलेट यांवर पॉइंट बंद करणं तर नेहमीचंच. आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. एअरलाइनचं कार्ड बंद केलं तरी आधी जमा झालेले माइल्स एअरलाइनच्या खात्यात राहतात. बँकेचं कार्ड बंद करताना न वापरलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी जातात. फी वाढली म्हणून कार्ड सोडायचं तर घाईघाईने कुठेतरी ट्रान्सफर करावं लागतं. म्हणजे अडकलेलं कोण?

आणि एअरलाइनचे माइल्स दर वेळी एकाच कंपनीत कोंडलेले नसतात. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एर लिंगस, कतार आणि २०२४ पासून फिनएअर, सगळ्यांचं चलन एव्हिऑस आहे. खाती जोडून ते एकमेकांत १:१ फिरवता येतात.

पीएनआर_शोधक:
दोन्ही बाजू महत्त्वाची पायरी सोडून भांडताहेत. बँकेचे पॉइंट ‘वळवता येतात’ म्हणजे एकदाच, एकाच दिशेने. ट्रान्सफर झाला की परत नाही. म्हणून आधी सीट, मग ट्रान्सफर. नुसता ट्रान्सफरवर बोनस जाहीर झाला म्हणून पॉइंट हलवणारे सगळ्यात जास्त फसतात.

सीट खरी आहे का तेही तपासा. भागीदार कंपनीच्या साइटवर दिसणारी सीट पुष्कळदा जुन्या माहितीवरची, भुताची असते. त्याच अलायन्सच्या (विमान कंपन्यांच्या गटाच्या) दुसऱ्या साइटवर तीच तारीख, तोच फ्लाइट नंबर शोधा. मग पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. खोटी सीट बहुधा तिथे गळते.

हिशेबनीस:
हे सगळं ठीक, पण यात बँकेचे पॉइंट वाईट कसे ठरतात? उलट सीट दिसेपर्यंत हात मोकळे राहतात.

खिडकीकडची_जागा:
हात मोकळे, पण सीट जाते! काही ट्रान्सफर लगेच होतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात. तोवर ती सीट तुमच्यासाठी कोण राखून ठेवतंय? माइल्स आधीच खात्यात असलेला माणूस दोन मिनिटांत तिकीट काढून मोकळा. थेट माइल्स कमावण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तुम्ही त्यावर मुद्दाम बोलत नाही.

हिशेबनीस:
‘मुद्दाम’ हा शब्द मागे घ्या. माझा मुख्य मुद्दा आकडे देऊनच मांडलाय.

पीएनआर_शोधक:
भांडण थांबवा. ट्रान्सफर अडकण्याचं नेहमीचं कारण नाव. बँकेत आडनाव आधी, एअरलाइनमध्ये शेवटी. एकीकडे मधलं नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. असं असलं की विनंती नाकारली जाते किंवा तपासणीत पडून राहते. एअरलाइनचं खातं पासपोर्टवरच्या नावाने खूप आधी उघडा आणि किमान लॉट (एका वेळी पाठवता येणारे कमीत कमी पॉइंट, बहुधा १,०००) एकदा पाठवून जोडणी चालते का बघा. पुढचा मोठा ट्रान्सफर अडत नाही.

दुसरं म्हणजे जोड-उड्डाणाची सीट. अ शहरातून ब मार्गे क ला जाणारी एकत्र शोधली तर दिसते, पण अ–ब वेगळी शोधली तर नाही, किंवा याच्या उलट. एअरलाइन दोन टप्पे जोडून विकते. तुकडे वेगळे शोधून बेरीज करणाऱ्यांना शेवटच्या पानावर एरर येते आणि दोष ट्रान्सफरला जातो.

रात्रीचं_उड्डाण:
मग भागीदाराकडून सीट मिळणारच कशी? कंपन्या चांगल्या सीट आपल्याच सदस्यांना ठेवतात.

पीएनआर_शोधक:
बरोबर. सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या बिझनेस आणि फर्स्टच्या सीट भागीदारांना क्वचितच सोडते. त्या हव्या तर तिच्या स्वतःच्या कार्यक्रमाचे, क्रिसफ्लायरचेच माइल्स लागतात. पण ते माइल्स ३६ महिन्यांत संपतात, म्हणून तिथे थेट कमावत बसण्यापेक्षा बँकेत ठेवून शेवटी हलवणं शहाणपणाचं. बँकेच्या पॉइंटना मुदत नाही ना, एवढं आधी बघा.

उशिराचं_बोर्डिंग:
सीटच्या गप्पांत एक राहिलं. एअरलाइन कार्डावरचे जादा माइल्स ‘एअरलाइन खरेदी’वर असतात. तिकीट एअरलाइनच्या साइटवरून काढलं तर व्यवहार तिच्या स्वतःच्या कोडवर (विक्रेत्याचा धंदा सांगणारा आकडा) किंवा एअरलाइनसाठीच्या ४५११ वर पडतो. एजन्सीच्या साइटवरून काढलं तर ४७२२, म्हणजे ट्रॅव्हल एजन्सी. मग जादा दर नाही. आणि बँकेच्या पोर्टलवर (तिच्या तिकीटविक्रीच्या साइटवर) पॉइंट देऊन तिकीट काढणाऱ्यांनो, उड्डाण रद्द झालं की एअरलाइन तुम्हाला पोर्टलकडे पाठवते आणि पोर्टल एअरलाइनकडे. ‘लवचिक’ म्हणवणाऱ्या कार्डांची ही बाजू अत्यंत वाईट आहे.

हिशेबनीस:
पोर्टलचं मान्य. पण पोर्टलचं तिकीट रोख भाड्यासारखं धरलं जातं, त्यावर माइल्स मिळतात. सीट शोधण्याची कटकट नाही. ज्याला शाळेच्या सुट्टीतच प्रवास करायचाय त्याला अवॉर्ड सीट दाखवून काय उपयोग?

खिडकीकडची_जागा:
सुट्टीतल्या प्रवाशापुरतं मान्य करतो, नाइलाजाने. पण ज्याच्या गावाहून एकाच कंपनीची विमानं उडतात, बॅगा असतात आणि तारखा बदलता येतात, त्याला एअरलाइनचंच कार्ड परवडतं, हे मी सोडणार नाही. परदेशी चलनातल्या खर्चावर ३ टक्के मार्कअप (जादा शुल्क) घेणारं, १.५ टक्के परत देणारं ‘लवचिक’ कार्ड घेऊन प्रवासाला निघणाऱ्यांनी आधी ती वजाबाकी करावी.

हिशेबनीस:
मार्कअप एअरलाइन कार्डावरही असतो. प्रत्येक कार्डाचं दरपत्रक वेगळं वाचावं लागतं.

रात्रीचं_उड्डाण:
अवॉर्ड तिकीट रद्द केलं तर पॉइंट बँकेत परत येतात का?

पीएनआर_शोधक:
नाही. माइल्स एअरलाइनच्याच खात्यात येतात, रद्द करण्याची फी असेल तर ती वेगळी. मूळ माइल्सची मुदत दरम्यान संपली असेल तर काही कार्यक्रमांत ते परत आल्या आल्या बुडतात. म्हणून मुदतीच्या तोंडावर आलेल्या माइल्सवर बेभरवशाच्या तारखेचं तिकीट काढू नका.