थंड पाण्यातलं मऊ प्रवाळ : पॉलिपमधले नारिंगी दाणे अंडी की प्लॅन्युला?

तळगाळ :
कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडच्या खंडउतारावर, साधारण ५०० मीटर खोलीवरून ट्रॉलमध्ये (तळावरून ओढायच्या जाळ्यात) आलेल्या गर्सेमिया फ्रुटिकोसा या मऊ प्रवाळाच्या वसाहती आहेत. निम्म्या फॉर्मेलिनमध्ये, निम्म्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक भुजावाला जीव, उभा चिरला की आत नारिंगी दाणे दिसतात, काही गोल, काही लांबट. अंडी कुठली आणि प्लॅन्युला (पोहणाऱ्या अळ्या) कुठल्या, हे कसं ठरवायचं? जिवंत वसाहती ज्या बादलीत ठेवल्या होत्या तिच्या तळाशीही लांबट दाणे पडले होते. म्हणजे हा प्रजननाचा हंगाम धरायचा का?

आठभुजा :
रंगावर जाऊ नका, दोन्ही नारिंगीच दिसतात. दाणा कशाला चिकटलाय ते बघा. पॉलिपच्या आत आठ उभे पडदे असतात. सायफोनोग्लिफच्या (तोंडाच्या एका बाजूला पाणी आत ओढणाऱ्या खाचेच्या) समोरचे दोन पडदे पाणी वर ढकलतात, त्यांच्यावर सहसा काही धरत नाही. अंडी आणि शुक्रपिशव्या उरलेल्या सहांवर. अंडं बारीक देठाने पडद्याला लटकलेलं असतं. प्लॅन्युला जठरपोकळीत मोकळी असते, सुईने ढोसलं की घरंगळते. शंका राहिली तर छेद घ्या : अंड्यात एकच मोठं केंद्रक आणि भोवती पेशींचं पातळ आवरण, प्लॅन्युलेत आतले-बाहेरचे दोन थर आणि बाहेर सिलिया, म्हणजे हलणारे बारीक केस.

गर्सेमिया फ्रुटिकोसा पिल्लं पोटात वाढवणारीच जात आहे, तेव्हा एकाच पॉलिपमध्ये दोन्ही सापडलं तर दचकू नका. बादलीवरून मात्र हंगाम ठरवू नका. ट्रॉलमध्ये रगडलेली, तापमानाचा धक्का बसलेली वसाहत पोटात असेल ते बाहेर टाकते.

सुईदोरा :
छेद घेण्याआधी चुना काढावा लागतो आणि घोटाळा तिथेच होतो. स्क्लेराइटच्या (अंगातल्या चुन्याच्या बारीक काड्यांच्या) सुया राहिल्या तर मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ छेद कापायच्या यंत्राचं, पातं पेशी फाडत जातं. घाईत हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर वायूचे बुडबुडे पडदे उचकटतात, मग अंडं कुठल्या पडद्यावर होतं हे कळायलाच मार्ग नाही. १० टक्के ईडीटीए (चुना हळूहळू विरघळवणारं रसायन) वापरा, सामू (पीएच) ७.४ च्या आसपास, दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलत राहा. वेळ लागतो, लागू दे. सुई टोचून करकर लागत नाही तोवर थांबा. मग पॅराफिन, ५ ते ७ मायक्रॉनचे छेद, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचे रंग.

अंड्याचा व्यास केंद्रक दिसणाऱ्या छेदातच मोजा. कडेचा छेद मोजलात तर मोठी अंडीही लहान भरतात आणि नसलेला ‘लहान गट’ आलेखात उगवतो.

फॉर्मेलिनमधल्या वसाहती लवकर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. आम्लता रोखणारं बोरॅक्स नसलेलं फॉर्मेलिन हळूहळू आंबट होतं आणि स्क्लेराइट खातं; ते गेले की जात ओळखणं अवघड. अल्कोहोलमधला एक तुकडा डीएनएसाठी राखून ठेवा.

आठभुजा :
यात एक भर. फक्त फांदीच्या टोकाचे पॉलिप घेऊ नका, टोकाला नवे आणि बरेचदा वांझ असतात. मधले आणि बुंध्याजवळचेही घ्या. आणि अँथोमॅस्टससारखी दोन तऱ्हेच्या पॉलिपांची जात हाती आली तर बारीक सायफोनोझॉइडही (वसाहतीत पाणी खेळवणारे छोटे पॉलिप) कापा. अंडी तिथे तयार होतात. नुसते मोठे पॉलिप बघून वसाहत वांझ ठरवली तर फसाल.

उथळपाणी :
यावरून सगळी मऊ प्रवाळं पोटात पिल्लं वाढवतात असं कुणी धरू नये. उथळ, थंड पाण्यातलं अल्सिओनियम डिजिटाटम घ्या. ब्रिटनभोवती ते डिसेंबर-जानेवारीत अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतं. भ्रूण आठवडाभर तरंगतात, मग पोहणारी प्लॅन्युला होते आणि अंड्यातल्या पिवळ्यावर जगते. प्रयोगशाळेत काही ३५ आठवडे तगल्या होत्या. अंडी सोडण्याआधीचे काही महिने वसाहत मिटून पडलेली असते, अंगावर शेवाळ चढतं. तेव्हाचा नमुना बघून ती मेली असं समजतात. उलट अल्सिओनियम हिबर्निकममध्ये नर सापडलेलेच नाहीत, फलनाशिवाय पोटात प्लॅन्युला वाढतात. नुसती प्लॅन्युला दिसली म्हणून फलन झालं असं लिहू नका. शुक्रपिशव्या शोधा : छेदात शेपट्या एकाच दिशेने झुकलेल्या दिसतात.

तळगाळ :
बादलीतल्या काही प्लॅन्युला अजून जिवंत आहेत. वाढवायच्या तर?

सुईदोरा :
पाणी जिथून आलं तिथल्या तापमानाचं, म्हणजे ३-४ अंश, आणि अंधार. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड नको, बुडबुड्यांबरोबर प्लॅन्युला पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. पाणी बाहेर जातं तिथे २०० मायक्रॉनची जाळी लावा, नाहीतर सकाळी टाकी रिकामी. खायला काही घालू नका, पिवळं त्यांच्यात भरपूर असतं. घातलेलं अन्न कुजून जिवाणूच माजतात. तळाशी खडबडीत दगड ठेवा, आधी काही आठवडे समुद्राच्या पाण्यात मुरवलेले. गुळगुळीत काचेवर बसायला त्या नाखूश असतात. बसल्यावर आठ भुजा फुटल्या की मग बारीक अन्न सुरू करा, थोडं थोडं, आणि उरलेलं त्याच दिवशी पिपेटने ओढून काढा.