जीआरईसाठी फ्रँकेन्स्टाइन वाचतोय, शब्द लक्षात राहतील असं कसं वाचायचं?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग इंजिनिअरिंग, आता परदेशात पुढे शिकायला लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तयारी चालू आहे. शब्दांच्या याद्या घोकायचा जाम कंटाळा आलाय, आज पाठ केलेलं परवा साफ, म्हणून ठरवलं की एखादी जुनी इंग्रजी कादंबरी नीट वाचायची आणि त्यातूनच शब्द उचलायचे. मेरी शेलीची फ्रँकेन्स्टाइन घेतली कारण फार जाड नाही आणि गोष्ट साधारण माहितीये. पण सुरुवातीला वॉल्टन नावाचा दर्यावर्दी जी पत्रं लिहितो त्यांतच अडकलोय, ओळीओळीला डिक्शनरी उघडावी लागते आणि पान संपेपर्यंत गोष्ट कुठे चालली होती तेच डोक्यातून जातं. प्रत्येक शब्द बघायचा की सोडून द्यायचा? वहीत लिहिता का अ‍ॅप वापरता? आणि मुळात २०० वर्षांपूर्वीचं इंग्रजी आत्ताच्या परीक्षेला कामाला येतं का?

सायली_वाचते:
प्रत्येक शब्द अजिबात बघू नका. ह्या बाईंचे काही लाडके शब्द आहेत आणि ते त्या शेवटपर्यंत सोडत नाहीत. काउंटनन्स, रेचेड, बेनेव्हलंट, आर्डर, एन्डेव्हर, अ‍ॅभॉर, हे इतक्यांदा येतात की तुम्ही नाही म्हटलं तरी ओळख होतेच. पहिल्याच पत्रात वॉल्टन लिहितो की कोणी कधी न पाहिलेला प्रदेश बघून त्याला आपली आर्डंट क्युरिऑसिटी सॅशिएट करायचीये. आता सॅशिएट माहीत नसला तरी उत्सुकतेचं माणूस काय करणार, भागवणारच ना. पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं, तोच शब्द पुन्हा पुन्हा आडवा यायला लागला की मग डिक्शनरी.

आणि आर्डरचंच बघा. वॉल्टनला उत्तर ध्रुवाकडे जायचा आर्डर, कादंबरीचा नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन ह्याला निर्जीव देहात जीव घालायचा आर्डर, दोघांच्याही तोंडी तोच शब्द, आणि पाचव्या प्रकरणात तो जीव खरंच डोळे उघडतो तेव्हा व्हिक्टर म्हणतो की ज्याची मी एवढ्या आर्डरने इच्छा केली होती त्याचीच आता किळस येतेय. यादीत ह्यासमोर उत्साह एवढंच लिहिलेलं असतं हो. उत्साह कसला, माणसाला आतून जाळणारा ध्यास आहे तो, आणि हे तो प्रसंग वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून वहीत शब्द आणि अर्थ असं लिहू नका, आख्खं वाक्य उतरवा आणि कोण कोणाला म्हणतंय तेही बाजूला लिहा.

जुनी_पानं:
सायलीताईंना अनुमोदन. मी शिक्षक आहे आणि हे पुस्तक माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

तुम्ही पुस्तक अगदी योग्य निवडलंय कारण ह्यात मधोमध भाषा शिकण्याचीच गोष्ट आहे. व्हिक्टरने टाकून दिलेला तो जीव एका घराला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि लाकडाच्या फटीतून डी लेसी कुटुंबाकडे बघत राहतो. आधी त्याला कळतात फायर, मिल्क, ब्रेड, वुड, म्हणजे जे हाताने दाखवता येतं ते. मग घरातल्यांची नावं. पण गुड, डिअरेस्ट, अनहॅपी हे शब्द त्याला नुसते वेगळे ऐकू येतात, अर्थ लागत नाही, वापरताही येत नाहीत. तरी तो ते सोडून देत नाही, कानात ठेवतो. पुढे साफी नावाची मुलगी येते, फेलिक्स तिला शिकवायला बसतो आणि हा बाहेर बसून तिच्यापेक्षा भराभर शिकतो. नंतर त्याला रानात एक बॅग सापडते, त्यात मिल्टनचं पॅराडाइज लॉस्ट, प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचं वेर्थर. एवढ्या शिदोरीवर तो आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून असा बोलतो की वाचताना अंगावर काटा येतो. बारावं प्रकरण सावकाश वाचा, मोठ्याने वाचा. अनोळखी शब्द आधी ओळखीचा आवाज होतो आणि अर्थ मागून येतो, हे मेरी शेलीने किती अचूक पकडलंय! लिब्रिव्हॉक्स ह्या ऑडिओबुकांच्या साइटवर ह्याचं वाचन फुकट आहे, पुस्तक समोर ठेवून ऐकलंत तर उच्चारही बसतील.

व्हर्बल_१६०:
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. कादंबरी वाचाच, पण परीक्षा जवळ असेल तर फक्त तिच्यावर विसंबू नका. जीआरईत २०११ पासून विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे, प्रश्न बंद झाले, आता वाक्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या किंवा सहातले दोन समान अर्थ देणारे पर्याय निवडायचे, म्हणजे संदर्भावरून अर्थ ओळखणं हेच खरं काम. त्याचा सराव कादंबरी झकास करून देते. पण काही शब्दांचे अर्थ तेव्हाचे आहेत. नॅचरल फिलॉसॉफी म्हणजे तिथे विज्ञान, वॉन्ट म्हणजे बऱ्याचदा इच्छा नसून उणीव, इंटरकोर्स म्हणजे साधी बोलचाल. हे वहीत वेगळ्या रंगाने लिहा, आणि सोबत आजचे लेख वाचा, विज्ञान, इतिहास, कलेवरची टीका, काहीही.

अजून एक. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन ह्यांचं परभाषेतले शब्द कसे शिकावेत ह्यावर खूप काम आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं ते धरतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर सहाएक अनोळखी. त्याच्या दुप्पट-तिप्पट अडत असतील तर आधी एखादं सोपं पुस्तक संपवा, त्यात कमीपणा काही नाही. लक्षात राहण्यासाठी मी अंकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप वापरतो, कार्डावर कादंबरीतलं वाक्य आणि मधला शब्द गाळलेला.

घाटावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार, टिंबाची आयडिया आजच सुरू करतो. माझ्या पानावर दहा-बारा तरी अडतात, पण पुस्तक सोडवत नाहीये. जुनी_पानं सर, माझ्याकडे बारावं प्रकरणच नाहीये, मध्येच परत चॅप्टर वन सुरू होतं. पुस्तक अर्धवट छापलंय का?

जुनी_पानं:
नाही नाही, तुमच्याकडे १८१८ ची पहिली आवृत्ती आहे. ती तीन खंडांत होती आणि प्रत्येक खंडात क्रमांक नव्याने सुरू होतो. १८३१ मध्ये लेखिकेने स्वतः फेरफार करून एका खंडात सलग २४ प्रकरणं केली, बहुतेक लोक तेच आकडे सांगतात. तुम्ही दुसऱ्या खंडाचं चौथं प्रकरण उघडा, तेच ते.

दहा-बारा अडत असले तरी ओढ आहे ना, मग वाचत राहा. आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही पहिल्यांदा १८३१ मध्येच आला, त्यातलं इंग्रजी साधारण त्याच काळातलं आहे. त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, इंग्रजी शब्द टाकून शोधलं की ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आलाय ते सगळे समोर येतात. मेलँकली टाकून बघा आज.