पद्मिनीचे इंजिन नव्याने बांधले. आता त्याला रंग कोणता द्यावा?

जुनी_पद्मिनी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या १९७८ सालच्या प्रीमिअर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन नुकतेच पूर्ण उघडून बांधले आहे. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) बोअर करून आणला, हेडचे (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे) फेसिंग झाले, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे नवी घातली. हेड आणि त्यावरचे पत्र्याचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, अजून सुटे आहेत आणि ब्लॉक स्टँडवर आहे, तोवर रंगाचे काम उरकावे असा विचार आहे. मिस्त्री म्हणतात, खिडकीच्या गजांना लावतात तो काळा ऑइल पेंट दोन हात मारला की झाले. दुकानदार ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा चंदेरी रंग सगळ्या इंजिनाला द्यायला सांगतो, तर एका मित्राच्या मते पावडर कोटिंगला तोड नाही. कोणाचे ऐकावे? रंगामुळे इंजिन जास्त तापते असेही कानावर आले आहे; त्यात कितपत तथ्य आहे?

स्पॅनर_१३

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. या इंजिनाची उष्णता मुख्यतः पाण्यावाटे रेडिएटरकडे जाते, त्यामुळे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीच्या थराने तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. थरावर थर चढवून रंग जाड केला, तर मात्र आतला थिनर कोंडतो आणि इंजिन तापताच फोड येतात, म्हणून पातळ हात द्यावेत व दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा.

दुकानदाराचा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण ६०० अंशांचा रंग बहुधा सिलिकोनवर आधारित असतो आणि तो साधारण २०० अंशांच्या आसपास भाजला गेल्याशिवाय पक्का होत नाही. ब्लॉकचा बाहेरचा पृष्ठभाग जेमतेम शंभर अंशांच्या आगेमागे राहतो. म्हणजे तो रंग तिथे कायम कच्चाच राहणार आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपले की बोटाने पुसला जाणार. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी ठेवा. तिथे त्याला हवी तेवढी आच मिळते. मिस्त्रींचा ऑइल पेंट याच्या उलट: लावायला सोपा, पण उष्णतेने ठिसूळ होतो आणि पेट्रोलपुढे फार काळ टिकत नाही.

ब्लॉकसाठी इंजिन इनॅमल म्हणून मिळणारा रंग घ्यावा. हार्डनर मिसळायचा टू-के पॉलियुरेथेनही उत्तम टिकतो, परंतु त्यात आयसोसायनेट हे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे रसायन असते. त्याची फवारणी घरच्या पडवीत, तोंडाला रुमाल बांधून कदापि करू नये. ते काम बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्यावे. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. टॅपेट कव्हरसारख्या सुट्या पत्र्याच्या भागाला ते चालेल. सील आणि बेअरिंगे बसवलेला ब्लॉक भट्टीत घालायचा विचारही मनात आणू नका.

खाडीकाठ, रत्नागिरी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण माझ्या मते रंगाच्या डब्यापेक्षा धुण्यावर जास्त वेळ द्यायला हवा. गॅरेजमध्ये ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. तो स्वच्छ दिसतो, पण त्यावर तेलाचा पातळ थर राहतो आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. बाहेरची बाजू आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, सिलिंडर आणि तेलाच्या वाटा नीट बंद करून पाणी आत जाऊ देऊ नये, मग थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके त्यावर फिरवावे. फडके काळे पडायचे थांबेपर्यंत प्रायमरचा डबा उघडू नये. साफ केलेल्या बिडावर आमच्याकडच्या हवेत काही तासांतच तांबूस झाक येते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी द्यावा. सँड ब्लास्टिंग मात्र बांधलेल्या इंजिनावर करू नये, कारण वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत शिरला तरी नवी बेअरिंगे खराब होतात.

आपल्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनिअमचे आहे, त्यामुळे एकच प्रायमर दोन्हींवर मारू नये. अॅल्युमिनिअमवर वॉश प्रायमरसारख्या (धातूला घट्ट धरणाऱ्या पातळ आम्लयुक्त थरासारख्या) योग्य प्रायमरशिवाय रंग नीट धरत नाही. खरे तर हेड बिनरंगाचेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी_पद्मिनी

दोघांचेही आभार. हेड तसेच ठेवतो. ब्लॉकवर नेमकी छटा कोणती असावी? काळा सुरक्षित वाटतो.

स्पॅनर_१३

काळ्यावर तेलाची गळती दिसत नाही. नव्या बांधलेल्या इंजिनावर ती पहिल्याच दिवशी दिसायला हवी. फिकट राखाडी घ्या. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल, तर डायनामोच्या ब्रॅकेटखाली किंवा माउंटिंगच्या मागे जुन्या रंगाचा तुकडा शिल्लक आहे का ते पाहा आणि सापडल्यास तोच पेंटच्या दुकानात जुळवून घ्या.

पॅकिंगच्या जागा, बोल्टांची भोके आणि अर्थिंगची पट्टी जिथे बसते ती जागा टेपने झाका, नाहीतर रंगामुळे अर्थिंग नीट न मिळून स्टार्टर कुरकुरेल. ब्लॉकवरच्या इंजिन क्रमांकावर अगदी पातळ हात द्या. पुनर्नोंदणीच्या वेळी आरटीओचे निरीक्षक तो क्रमांक वाचतात आणि रंगाने बुजलेले आकडे तिथेच खरवडायला लावतात.