नवऱ्यापासून वेगळी झालेय, मुलगा जर्मन आहे. माझ्या व्हिसाचं काय?

निफाडची_लेक:

नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातल्या एका लहान गावात राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आले. तो २०१२ पासून इथे आहे. पासपोर्ट भारतीयच, पण निडरलासुंग (कायम राहण्याचा परवाना) मिळून बरीच वर्षं झालीत. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये झालेला आमचा मुलगा जन्मापासूनच जर्मन नागरिक आहे.

जून २०२५ मध्ये मी बाळाला घेऊन वेगळी झाले. कारणं इथे लिहीत नाही. मी आणि बाळ एका खोलीत राहतो, दोघांची आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंद) याच पत्त्यावर आहे. दर शनिवारी बाळ बाबाकडे जातं. सकाळी एका बेकरीत अर्धवेळ काम करते.

माझं व्हिसाचं कार्ड ३ नोव्हेंबरला संपतंय. नवरा म्हणतो, "एकत्र राहून तीन वर्षं झाली नाहीत, तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे. तुला परत जावं लागेल. मुलगा इथला आहे, तो इथेच राहील." हे वाक्य ऐकल्यापासून झोप नाही.

गेल्या आठवड्यात आउसलेंडरबेहोर्डेत (परदेशी लोकांच्या परवान्यांचं ऑफिस) गेले. काउंटरवर दोन्ही पासपोर्ट ठेवले, माझा निळा आणि बाळाचा लालसर. बाईंनी माझं कार्ड पाहिलं आणि म्हणाल्या, नवऱ्याला सोबत आणा. बाळाचा पासपोर्ट त्यांनी उघडलासुद्धा नाही. ते कडेवर रडत होतं, मला जर्मनमध्ये पुढचं वाक्य सुचेना. तशीच परत आले.

खरंच जावं लागेल का? पगार पुरत नाही, जॉबसेंटरची (सरकारी भत्ता देणारं ऑफिस) मदत घेतली तर व्हिसावर परिणाम होईल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

दोनमजली_घर:

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्हाला जावं लागेल, हे खरं नाही. मी २०१९ मध्ये याच ठिकाणी उभी होते, मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती.

नवरा सांगतोय तो तीन वर्षांचा नियम खरा आहे, पण तो कलम ३१ चा, म्हणजे लग्नाच्या आधारावर मिळालेल्या परवान्याचा. त्यातही विशेष हालअपेष्टा असतील तर सूट आहे. तुम्हाला त्या दारातून जायचंच नाहीये. तुमचं दार आहे आउफेंटहाल्ट्सगेझेट्झचं (परदेशी लोकांच्या वास्तव्याचा कायदा) कलम २८, पोटकलम १, क्रमांक ३. अल्पवयीन जर्मन मुलाचा सांभाळ करणाऱ्या परदेशी आईला किंवा वडिलांना राहण्याचा परवाना द्यावाच लागतो. तुमचा हक्क आता मुलाकडून येतो, नवऱ्याकडून नाही. म्हणून त्याची सही लागत नाही.

जॉबसेंटरचं म्हणाल तर या कलमात स्वतःचा खर्च भागवण्याची अट नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. निर्धास्त अर्ज करा. कामही चालू ठेवा, या परवान्यावर काम करायला पूर्ण मुभा असते. आणि किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता (२०२५ साली महिना २५५ युरो), मूल ज्याच्याजवळ राहतं त्याला मिळतो. अजून नवऱ्याच्या खात्यात जात असेल तर फामिलिएनकासेला (हा भत्ता देणारं ऑफिस) कळवा.

आता खरी घाईची गोष्ट. अर्ज ३ नोव्हेंबरच्या आधी आत गेला पाहिजे. वेळेत अर्ज असेल तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालूच धरला जातो, त्याचा कागद म्हणजे फिक्सिओन्सबेशायनिगुंग. एक दिवस उशीर झाला तर ही सोय हमखास मिळत नाही. काउंटरवर तोंडी बोलू नका. मलाही पहिल्यांदा परत पाठवलं होतं. मग मी एका पानाचं पत्र लिहिलं, वर कलमाचा क्रमांक ठळक, खाली मुलीचा जन्मदाखला, पासपोर्टची प्रत, दोघींचं मेल्डेबेशायनिगुंग (पत्त्याचा दाखला), आणि किटाचं (पाळणाघर) पत्र की रोज आणायला-सोडायला मीच येते. आइनश्रायबेनने (रजिस्टर पोस्ट) पाठवलं. ती पोस्टाची पावती मी पुढे कितीतरी महिने पर्समध्ये बाळगली होती, घडी घालून घालून मधोमध फाटली.

तीन वर्षांनी, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा झाल्यावर, याच परवान्यावरून मला निडरलासुंग मिळाली.

एकट्याने लढू नका. कारितास, डियाकोनी, आवो या मदतसंस्थांकडे मिग्राट्सिओन्सबेराटुंग (स्थलांतरितांसाठी सल्ला) फुकट असते, पत्र तेच लिहून देतात. वकील हवा असेल तर आम्ट्सगेरिष्टमधून (स्थानिक कोर्ट) बेराटुंग्सहिल्फेचा शाइन, म्हणजे कमी पैशात कायदेशीर सल्ल्याचा दाखला काढा, मग सल्ल्याचे फार तर १५ युरो द्यावे लागतात.

वारजे_ते_म्युनिक:

वरच्या ताईंनी सगळं नीट सांगितलंय. मी एकच गोष्ट जोडतो, कारण ओळखीतल्या एका बहिणीसारख्या मुलीने इथे चूक केली. घाबरून बाळाला घेऊन नाशिकला जाऊ नका.

लग्नात जन्मलेल्या मुलाचा ताबा, सॉर्गेरेष्ट, दोघांकडे असतो, वेगळं झाल्यावरही. वडिलांच्या संमतीशिवाय मूल कायमचं परदेशी नेलं तर इथल्या कायद्याने ते अपहरण ठरू शकतं. भारत १९८० च्या हेग करारात (परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याचा करार) नाही, म्हणून तिथे मूल सुरक्षित राहील असं काहींना वाटतं. पण मग तुम्हाला इकडे परत येणं कठीण होतं, आणि परवान्याचा आधारच मुलाला इथे सांभाळणं हा आहे. आजीला भेटायला जायचं असेल तर बाबांची लेखी संमती घ्या, मुलाचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढा, आणि परवाना हातात आल्यावरच जा.

शनिवारची भेट चालू ठेवली आहे ते फार चांगलं केलंत.

आइंडहोवनकर:

नेदरलँड्समधून वाचणाऱ्यांसाठी: इथेही डच मुलाच्या परदेशी पालकाला हक्क आहे, पण तो युरोपीय न्यायालयाच्या निकालांतून आलाय. ८ मार्च २०११ चा रुइझ झांब्रानो (कोलंबियाचे आईवडील, बेल्जियन मुलं) आणि १० मे २०१७ चा चावेझ-विल्चेझ. मूल आईवर इतकं अवलंबून असेल की ती गेली तर त्यालाही युरोप सोडावं लागेल, तर तिला राहू द्यावं लागतं. दुसरा पालक सांभाळायला तयार आहे, एवढ्यावरून नकार देता येत नाही. इमिग्रेशनमध्ये चावेझचा अर्ज म्हटलं की कळतं.

निफाडची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कारितासमध्ये गेले होते. तिथल्या बाईंनी आधी बाळाचा पासपोर्ट उघडला. पत्र त्यांनीच लिहिलं, मी फक्त सही केली. आज सकाळी बेकरीतून सुटल्यावर पोस्टात गेले. आइनश्रायबेनची पावती मिळाली आहे, तिचा फोटो काढून आईला पाठवलाय. ताई, किटाचं पत्र सोमवारी मिळेल, ते वेगळं पाठवू की उत्तर येईपर्यंत थांबू?

दोनमजली_घर:

थांबू नका. सोमवारीच पाठवा, आणि वर पहिल्या पत्राची तारीख लिहा.