सॅन्टोरिनीत कड्यावरच्या हॉटेलात राहायचंय, सल्ला हवा

शेपूची_भाजी
गणपती झाले की नवरात्राच्या आत ग्रीसला जायचा बेत आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत आणि नवऱ्याने कधी नव्हे ते "पैशाचं नंतर बघू" असं म्हटलंय, तेव्हा त्याचा विचार बदलायच्या आत बुकिंग उरकायचंय. सॅन्टोरिनीतल्या कड्यावरच्या पांढऱ्याशुभ्र हॉटेलांपैकी एखाद्यात राहायची फार इच्छा आहे. सोबत सासूबाई आहेत. वय ७४, तब्येत ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात. तिघंही शाकाहारी. गाव कोणतं निवडावं? चारही रात्री कड्यावरच काढाव्यात का? आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या भूकंपांच्या बातम्या येत होत्या, त्याचं काय?

घाटवाट
इया! दुसरं काही बघूच नका. निळे घुमट, सूर्यास्त, सगळं तिथेच. पेरिवोलास, कटिकीस अशी हॉटेलं शोधून बघा, डोळे दिपतील.

म्युनिककर
घाटवाट, सासूबाईंच्या गुडघ्यांचं वाचलंत का? :)

शेपूताई, हॉटेलचं नाव ठरवायच्या आधी पायऱ्यांची चौकशी करा. म्हणायला ही हॉटेलं कड्यावर आहेत, पण खरं तर ती कड्याच्या पोटात आहेत. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथून खाली उतरायचं. सामान हॉटेलची माणसं खांद्यावर टाकून नेतात, आपण मात्र आपल्याच पायांनी. रिसेप्शन एका टप्प्यावर, खोली त्याच्या तीन टप्पे खाली, नाश्ता भलतीकडेच. पायऱ्यांची उंची सारखी नाही, कठडा असेलच असं नाही. बुकिंगच्या साइटवर यातलं काही कळत नाही. थेट हॉटेलला मेल टाका आणि आकडाच मागा: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, खोलीपासून नाश्त्यापर्यंत किती. "थोड्याशाच आहेत" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. बहुतेक ठिकाणी नाश्ता खोलीच्या गच्चीवर आणून देतात, तेही विचारून ठेवा. म्हणजे सासूबाईंची एक फेरी वाचेल.

आता गावं. इया बेटाच्या उत्तर टोकाला आहे, सुंदर आहे आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. इमेरोविग्ली कड्यावरचं सगळ्यात उंच गाव, शांत, समोर स्कारोसचा सुळका. पण तिथे पायऱ्या भरपूर. फिरा ही बेटाची राजधानी, सगळ्या बस तिथून सुटतात, त्यामुळे कलकलाट. फिराला लागूनच फिरोस्तेफानी आहे. कड्याच्या कडेची पायवाट त्या पट्ट्यात त्यातल्या त्यात सपाट आहे, रस्ता जवळ आहे आणि फिरापर्यंत रमतगमत चालत जाता येतं. तुमच्या तिघांसाठी मी फिरोस्तेफानीच म्हणेन.

सूर्यास्ताचं एक सांगतो, कारण त्याच्याच नावावर जास्तीचं भाडं लावतात. इयाची कड्याकडची बाजू मुख्यतः दक्षिणेला तोंड करून आहे. जून-जुलैत सूर्य पार वायव्येला मावळतो, त्यामुळे तिथल्या कित्येक खोल्यांतून तो दिसतच नाही. लोक महागडी खोली सोडून गावाच्या टोकाला पडक्या किल्ल्यावर गर्दीत जाऊन उभे राहतात! फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्लीचं तोंड पश्चिमेला. तुम्ही जाल तेव्हा सूर्य जवळजवळ पश्चिमेलाच, सातच्या सुमारास मावळेल. गच्चीत खुर्ची टाकून बसा.

पेन्शनर_पुणेकर
तिथली भाडी बघितली. एका रात्रीला पाचशे-हजार युरो? त्यात आमचं अख्खं कोकण झालं असतं, माशांसकट.

शेपूची_भाजी
काका, आम्ही शाकाहारी आहोत :D
म्युनिककर, खूप आभार. खोल्यांच्या जाहिरातीत कुठे "कॅल्डेरा व्ह्यू" असतं, कुठे "सी व्ह्यू". फरक काय?

म्युनिककर
भाड्याचा आणि सगळ्याचाच. कॅल्डेरा म्हणजे ज्वालामुखी खचून झालेलं ते पाण्याने भरलेलं प्रचंड विवर, फोटोत दिसतं ते. नुसतं "सी व्ह्यू" लिहिलं असेल तर खोली बेटाच्या पूर्वेच्या उताराकडे असू शकते. समुद्र दिसेल, पण शेतं आणि विमानतळाच्या पलीकडचा. खोलीपुढचा "प्रायव्हेट पूल" पण नीट चौकशी करून घ्या. बऱ्याचदा तो चार पावलांचा हौद असतो, पाणी गरम केलेलं नसतं आणि वरच्या पायवाटेवरून येणारे-जाणारे थेट आत बघतात.

तांबडी_माती
भूकंपाबद्दल लिहिते, माझ्या विषयातलं आहे.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅन्टोरिनी आणि शेजारचं अमोर्गोस बेट यांच्या मधल्या समुद्राखाली हजारो धक्के बसले. शाळा बंद ठेवल्या, बरेच लोक बेट सोडून गेले. मोठ्यात मोठे धक्के पाच तीव्रतेच्या थोडे वर होते आणि वसंतापर्यंत सगळं निवळलं. उन्हाळ्यात पर्यटक आले. धोका कायमचा गेला असं कोणी म्हणणार नाही, कारण बेटच तसं आहे. इ.स.पू. १६०० च्या आसपासच्या महास्फोटाने आजच्या कॅल्डेराला आकार दिला आणि मधल्या निया कामेनी बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० चा. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात पन्नासहून जास्त माणसं गेली, इया तर बरंचसं उद्ध्वस्त झालं. रद्द करता येईल असं बुकिंग घ्या, निघायच्या आधी बातम्या बघा, एवढं पुरे.

आता गंमत बघा. ज्या गुहेवजा खोल्यांना आज सगळ्यात जास्त भाडं आहे, ती गरीब खलाशांची घरं होती. ज्वालामुखीच्या राखेचा थर कुदळीने कोरता येतो, लाकूड बेटावर जवळजवळ नाहीच, म्हणून कड्यातच कोरून राहायचे. जहाजांचे कप्तान वर, माथ्यावरच्या वाड्यांत. १९५६ नंतर पुष्कळ घरं ओस पडली, पुढे ती दुरुस्त करून पर्यटकांना द्यायला सुरुवात झाली. चुन्यात मिसळायला हीच राख सुएझ कालव्याच्या बांधकामालाही गेली होती. अशा खोल्या उन्हाळ्यात गार राहतात, पण उजेड फक्त दारातून येतो आणि काहींत दमट वास असतो. सासूबाईंना दम्याचा वगैरे त्रास असेल तर गुहेची खोली नको, मागे खिडकी असलेली बघा.

आणि अक्रोतिरी चुकवू नका. १९६७ पासून उत्खनन चाललेलं कांस्ययुगीन शहर, राखेखाली गाडलं गेलेलं. वर छप्पर आहे, आतून लाकडी फळ्यांच्या वाटेवरून बघता येतं, सासूबाईंनाही जमेल. तिथली काही भित्तिचित्रं फिराच्या संग्रहालयात आहेत, बरीच अथेन्सला.

अंजिरी
शाकाहाराची काळजी सोडा. तिथला फावा मागवा: पिवळ्या डाळीचं अगदी घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. सासूबाईंना भातच तेवढा कमी पडेल. टोमॅटोची भजी असतात, त्यांना तोमातोकेफ्तेदेस म्हणतात. पांढरी वांगी तिथली खास. भरलेल्या टोमॅटो-मिरचीत खिमा नाही ना, हे मात्र दर वेळी विचारा.

नळाचं पाणी पिऊ नका. आणि कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, पंचतारांकितमध्येसुद्धा बऱ्याच ठिकाणी तशी पाटी असते. नळ्या अरुंद आहेत. जेट स्प्रेची आशा सोडा, तांब्या न्या :)

चार रात्री कड्यावर नकोत, असं माझं मत. तिथून खाली समुद्रावर सहज जाता येत नाही, आरामात पोहायचं तर कामारी किंवा पेरिसाला काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जावं लागतं. दोन रात्री कड्यावर, दोन कामारीत. कामारीत सगळं सपाट आणि भाडं बरंच कमी.

घाटवाट
गुडघ्यांचं मान्य, तरी इयाला एक चक्कर माराच. सकाळी आठच्या आत जा, क्रूझवाले यायच्या आधी. तुम्हा दोघांना चालायची हौस असेल तर फिरा ते इया कड्यावरून साधारण दहा किलोमीटरची पायवाट आहे, तीन तास धरा. सावली नाही.

शेपूची_भाजी
ठरलं: आधी कामारी, मग फिरोस्तेफानी. दोन हॉटेलांना पायऱ्यांचा आकडा विचारलाय. एकाचं उत्तर आलं, "पंच्याऐंशी, पण दृश्य अप्रतिम". बाद. नवरा विचारतोय, बुकिंगच्या वर आणखी काही पैसे लागतात का? आणि अथेन्सहून बोट की विमान?

म्युनिककर
हो, सरकारी हवामान कर लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकितला एका खोलीमागे रात्रीला १५ युरो, चार ताऱ्यांना १०. हा बहुतेक वेळा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. तुमच्या दोन खोल्या, म्हणजे दुप्पट.

जाताना अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोट घ्या. वेगवान पाचेक तासांत पोचते, मोठी साताठ तासांत. मोठी घ्या, वाऱ्यात कमी हलते आणि कॅल्डेरात शिरताना डेकवर उभं राहता येतं. अथिनिओस बंदरावर हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा, तिथे टॅक्सीसाठी झुंबड असते. परतताना विमान, पाऊण-एक तास. मात्र मुंबईचं विमान त्याच दिवशी धरू नका. वारा किंवा संप, दोन्हींपैकी काहीही आडवं येऊ शकतं. शेवटची रात्र अथेन्सला ठेवा.