मदरबोर्ड बदलल्यावर काळा पडदा

मदरबोर्ड बदलल्यावर पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, असं तुम्ही विचारलंय. पंखे फिरतात म्हणजे बोर्ड चालू आहे, असं समजू नका. २४ पिनांची मोठी केबल लावली की पंखे फिरू लागतात, पण प्रोसेसरला वीज मिळते ती सॉकेटजवळच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेजवळच्या) ४ किंवा ८ पिनांच्या वेगळ्या केबलमधून. माझ्याकडे नेमकी तीच लावायची राहिली होती आणि मी दोन दिवस रॅमच काढत-घालत बसलो. ती आधी बघा.

ती नीट असेल तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली जुन्या बोर्डाचा एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसवतात तो छोटा खांब) राहिलाय का पाहा, त्याने शॉर्ट होतं. मग एकच रॅम लावून चालू करा. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं थांबा, घाईने बंद करू नका. तुमचा प्रोसेसर कोणता आहे? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतं, त्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) नसतं, म्हणून मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते.