भाकरी सुटली ती आळसाने? जरा काठवटीपाशी बसा, मग बोलू

चुलीपुढची

परवा ‘गहू सोडा, भाकरीकडे चला’ हे टिपण वाचलं आणि डोकं सणकलं. थोडक्यात म्हणणं असं: ज्वारी हे आपलं खरं धान्य, आपल्या आज्या भाकरी खाऊन नव्वदीपर्यंत काठीशिवाय हिंडल्या, आणि आपण निव्वळ आळसापोटी पोळीवर आलो. खाली सगळ्यांनी हात जोडलेत, ‘अगदी मनातलं’ म्हणून. आज्यांबद्दल नंतर बोलू. आधी तो आळस.

माझं माहेर बार्शीकडचं. खाणारी तोंडं भरपूर, शेतावरचे गडी वेगळे. ज्वारीचं पीठ कणकेसारखं एकदा मळून झाकून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरतं घ्यायचं, आधणाचं पाणी घालायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, थापायची, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकायची. मग पुढचा गोळा. पुन्हा रगडण्यापासून. दोन्ही वेळा, धुरात. आईची बोटं तव्याच्या चटक्यांनी इतकी निबर झाली होती की गरम पातेलं ती चिमट्याशिवाय उतरवायची आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं!

गहू स्वस्त झाला, रेशनवर नियमित मिळायला लागला, तेव्हा आमच्या गल्लीत एकाही बाईनं ‘अरेरे, आपलं मूळ धान्य’ म्हटलेलं मला आठवत नाही. कणीक एकदाच भिजवा, एकीनं लाटा, दुसरीनं भाजा, डब्यात दुपारपर्यंत मऊ. सुटका होती ती. तिला आळस म्हणणाऱ्यानं आठवडाभर दोन्ही वेळच्या भाकरी थापाव्यात, मग टिपणाचा दुसरा भाग लिहावा.

आणि शेतातलं कोण बोलणार? रब्बीची ज्वारी अजून बऱ्याच ठिकाणी हातानं, मुळासकट उपटतात. पेंढ्या बांधा, कणसं मोडा, मळणी. मजूर मिळत नाही. भाऊ आता सोयाबीन काढून हरभरा टाकतो. बैल विकले, मग कडबा कुणासाठी?

निरामय

टिपण माझं नाही, पण हात जोडणाऱ्यांत मी आहे. तुमच्या आईंच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मुद्दा भलतीकडे नेलात. प्रश्न तब्येतीचा आहे. वडिलांची साखर गोळ्या घेऊनही खाली येत नव्हती. पोळी बंद केली, दोन्ही वेळा ज्वारी सुरू केली, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) नवावरून सातावर आली. डॉक्टरसुद्धा बघत राहिले. एवढा ढळढळीत अनुभव असताना ‘सुटका’ वगैरे शब्द काय कामाचे?

रुक्ष आकडे

@निरामय, वडील आधी किती पोळ्या खायचे आणि आता किती भाकरी खातात? चार पोळ्यांच्या जागी दीड भाकरी आली असेल तर श्रेय ज्वारीचं की दीडचं? शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम गव्हात उष्मांकांचा फारसा फरक नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण त्याचा फायदा ज्याला ग्लुटेन सोसत नाही त्याला. बाकीच्यांनी उगाच छाती फुगवू नये. कॅल्शियम हवं असेल तर नाचणी खा, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ज्वारी त्याच्या जवळपाससुद्धा नाही.

आणि आज्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांसाठी: 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी पेलाग्रा या कुपोषणाच्या आजारावर काम केलं. उन्हानं कातडी काळी पडून सोलवटणं, जुलाब, पुढे डोक्यावर परिणाम. रुग्ण कोण होते? दख्खनच्या पठारावरचे, ज्वारी हेच मुख्य अन्न असलेले गरीब लोक. नव्वदीपर्यंत हिंडलेल्या आज्या दिसतात, कारण त्या उरल्या. न उरलेल्या कुणाच्या टिपणात येणार?

मालदांडी

रुक्षराव, पेलाग्रा ज्वारीनं झाला की ज्वारीशिवाय ताटात काहीच नव्हतं म्हणून झाला? त्याच ताटात वाटीभर डाळ, दूध, अंडं असतं तर? गरिबीचा आजार धान्याच्या माथी मारू नका. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी खाऊन वाढलोय आम्ही. तिला भौगोलिक मानांकन उगाच नाही मिळालं.

धागाकर्तीचं मजुरांबद्दलचं शंभर टक्के खरं आहे. पण एक राहिलं. ज्वारीचं नाव घालवलं ते हायब्रीडनं. 1964 साली पहिलं संकरित वाण आलं, पुढं पिकलं भरमसाट, पण त्या भाकरीला ना चव ना रंग. आणि 72 च्या दुष्काळात रेशनला आलेली ती तांबडी मिलो ज्वारी! आमच्या थोरल्यांना आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. भाकरी नकोशी झाली ती तिथं. चांगली मालदांडी, म्हणजे आमची जुनी देशी ज्वारी, ताटात असती तर गव्हाकडं बघितलं नसतं कुणी.

चुलीपुढची

@मालदांडी, बघितलं असतं. मालदांडीसुद्धा आईच थापत होती.

जर्सीकर

मी भांडणात पडत नाही, फक्त सांगते. इथे न्यू जर्सीत देशी दुकानातलं पाकीट कधी दळलेलं असतं देव जाणे, पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते. थापायला घेतलं की कडा फाटून नकाशा होतो. मी पाणी उकळून त्यात मीठ आणि पीठ घालते, झाकून वाफ आणते, मळते आणि चक्क पोळपाटावर लाटते. टम्म फुगते. मुलंही खातात. थापण्याचा बाऊ करून लोक भाकरी सोडतात, त्यापेक्षा लाटावी.

सातारी तिखट

लाटलेली? ताई, खुशाल खावा, पण तिला भाकरी म्हणू नका.

जर्सीकर

का हो? पीठ तेच, पाणी तेच, तवा तोच. लाटण्याचा विटाळ झाला का?

सातारी तिखट

विटाळ नाही, पापुद्रा. थापताना मधे जाड, कडेला पातळ अशी बोटांनी सारत नेतात, वरून पाणी फिरवतात, तेव्हा वरचा पदर सुटतो. तो पदर उचलून आत लोण्याचा गोळा ठेवायचा न् वर ठेचा. लाटलेलीला कोरडं पीठ लावावं लागतं, ते तव्यावर करपतं. वर उकड काढलेली. म्हणजे आधीच शिजवलेलं पुन्हा भाजायचं! माझ्या चुलत्यांनी असली भाकरी ताटात बघितली न् विचारलं, “आज आजारी कोण हाय?”

कोकणकडा

थांबा. उकडीला नावं ठेवायची नाहीत. आमच्या तांदळाच्या भाकरीची उकडच काढतात आणि ती हातावर थापतात. पांढरीशुभ्र, मऊ, सोबत माशाचं कालवण. उकडीनं भाकरी ‘आजारी’ होत असेल तर अर्धं कोकण अंथरुणात आहे म्हणायचं. देशावरच्यांना भाकरी म्हटलं की ज्वारी-बाजरीपलीकडे काही दिसतच नाही.

सातारी तिखट

तांदळाचं वेगळं. तांदळाला पर्याय नाही. ज्वारीला आहे.

खानदेशी कळणा

झालं का तुमचं ज्वारी, तांदूळ? ज्वारीत उडीद मिसळून दळलेली कळण्याची भाकरी कुणाच्या लक्षात नाही. उडदामुळं आपोआप चिकटपणा येतो, ना उकड लागते ना लाटणं. वर रुक्षरावांची काळजीही मिटते, कारण डाळ पिठातच आहे. सोबत भरीत. एवढं सोपं उत्तर असताना लोक हैदराबादच्या प्रयोगशाळेत का जातात समजत नाही.

रुक्ष आकडे

हे पटण्यासारखं आहे. (लिहिताना त्रास झाला.)

निरामय

माझ्या वडिलांच्या साखरेवर कुणी बोलेल का, की लाटणंच चालू राहणार?

पुणेरी पाटी

लाटणंच चालू राहणार, कारण रुक्षरावांनी तुम्हाला विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला तुम्हीच उत्तर दिलेलं नाही. आधी पोळ्या किती?

निरामय

चार. आता भाकरी दोन. पण भाकरीनं पोट भरतं म्हणून दोन पुरतात, हाच तर तिचा गुण!

पुणेरी पाटी

दोन भाकऱ्या करतं कोण?

निरामय

आई. आता याचा इथे काय संबंध?

चुलीपुढची

धागा त्याच्यावरच काढलाय, भाऊ. तुमच्या आईंचं वय काय? सत्तरीच्या घरात असणार. वडिलांची साखर नवावरून सातावर आणण्यासाठी त्या दोन्ही वेळा ओट्याशी उभ्या राहतात, आणि वर आपण ‘आळस’ म्हणणाऱ्या टिपणाला हात जोडता. आठवड्यातून एक दिवस तरी तुम्ही थापता का?

निरामय

हे वैयक्तिक होतंय. माझ्या आईला त्रास होत असता तर ती बोलली असती.

गव्हाळ

बोलली असती! अहो, मी वीस वर्षं बोलले नाही. लग्न होऊन मराठवाड्यात आले, माहेरी फक्त पोळी. पहिल्या दिवशी सासूबाईंनी परात पुढे केली. माझ्या भाकरीचे तव्यावर टाकतानाच दोन तुकडे झाले आणि पाहुण्यांसमोर नणंद म्हणाली, “वहिनीनं आज काला केलाय.” सगळे हसले. मीही हसले आणि मोरीत जाऊन रडले. पुढे शिकले, छान येते आता, गोल चंद्रासारखी. पण हौसेनं नाही शिकले, भीतीनं शिकले. तेव्हा ‘ती बोलली असती’ हे वाक्य जरा जपून वापरा.

मालदांडी

असं झालं असेल, नाही म्हणत नाही. पण याचा राग भाकरीवर कशाला? नणंदेवर काढा.

गव्हाळ

नणंद आता स्वतः पोळी लाटते. भाकरी विकत आणते.

नाग नदी

विकत आणणं हाच तर मार्ग आहे न बाप्पा! 1995 मध्ये सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली होती, केंद्रांसाठी मोक्याच्या जागा दिल्या. पुढं अनेक ठिकाणी झुणका गेला अन् वडापाव-चायनीजची दुकानं लागली. आता मात्र पाहा, प्रत्येक कॉलनीत एक तरी बाई ऑर्डर घेऊन भाकरी करून देते. वीस रुपये, कुठं पंचवीस. ज्याले साखर कमी करायची त्यानं मोजावे. तेव्हा समजते भाकरी किती ‘साधं’ अन्न आहे ते.

आणि हो, झुणका कोरडाच पाहिजे. पळीवाढ्या प्रकाराले पिठलं म्हणतात, कृपया मिसळू नये.

कोकणकडा

हा दुसरा धागा काढा, पाया पडतो.

कडक भाकर

सोलापूरवरून बोलतोय. आमच्याकडं कडक भाकरी पाकिटात मिळते, महिनाभर टिकते, शेंगाचटणीबरोबर मुंबई-पुण्याला जाते. पापडासारखी पातळ थापतात, मग वाळवतात. एका दिवशी थापायची, कितीतरी दिवस खायची. धागाकर्ती बार्शीच्या असून त्यांना ही आठवू नये?

चुलीपुढची

आठवते. आमटीत कुस्करून खायला मला फार आवडते. पण तीही कुणीतरी थापतंच, पापडासारखी पातळ, म्हणजे साधीपेक्षा जास्त हातकाम. ते हात फक्त तुमच्या घरचे नसतात एवढंच. पैसे मोजून घेता ना, मग माझी तक्रार नाही. माझी तक्रार फुकट थापून घेऊन वर प्रवचन देणाऱ्यांबद्दल आहे.

जर्सीकर

मघाचं राहिलं. @सातारी तिखट, कोरडं पीठ लावायचंच नाही. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटायची, सोलून तव्यावर टाकायची आणि वरून पाणी तुमच्यासारखंच फिरवायचं. पापुद्रा सुटतो. फोटो टाकू का?

सातारी तिखट

टाका. पण लोण्याचा गोळा आत ठेवून टाका, नुसती फुगलेली काय, पुरीसुद्धा फुगते.

निरामय

काल रात्री मी प्रयत्न केला. कुणी टाळ्या वाजवायची गरज नाही. पहिल्या तीन तव्यावर पोचल्याच नाहीत, चौथी वडिलांनी ‘थालीपीठ छान झालंय’ म्हणून खाल्ली. आईनं काहीच म्हटलं नाही, नुसती खुर्चीत बसून बघत होती आणि मजा घेत होती. भाकरी तब्येतीला चांगली या मतावर मी ठाम आहे. ‘आळस’ हा शब्द त्या टिपणात नसता तरी चाललं असतं, एवढं म्हणेन, यापुढे नाही.

चुलीपुढची

एवढं पुरे. आधण नीट उकळलं होतं का? नुसतं कोमट घेतलं असेल.

निरामय

गिझरचं घेतलं होतं.

सातारी तिखट

अरे देवा.